माक्याचं तेल: पावसाळ्यापासून होळीपर्यंत वापरल्यावर

पांढरे केस काळे झाले का, हा पहिला प्रश्न असतो. नाही झाले. केसाला रंग देणाऱ्या पेशी मुळाशी असतात. त्या थकल्या की वर आलेल्या केसाला तेल नुसतं माखतं. माक्याचा, म्हणजे भृंगराजाचा, रस हवेत काळा पडतो, त्यामुळे पांढऱ्या बटा न्हाईपर्यंत मळकट दिसतात. शिकेकाई लावली की रंग गेला.

तरी बाटली अजून कपाटात आहे ती टाळूसाठी. कोरडा कोंडा आणि खाज दिवाळीपर्यंत बरीच उतरली. यात नेमानं चोळण्याचा वाटा निम्मा तरी असणार. कंगव्यात केस थोडे कमी येतात, पण विरळ भागात नवे उगवले वगैरे काही नाही.

विकतच्या तेलावर आधी लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, आणि शेवटी कुठेतरी भृंगराज वाचलं, म्हणून घरीच करायचं ठरवलं. माका भाताच्या बांधावर, ओढ्याकाठी, गटाराकडेलाही उगवतो. पानं समोरासमोर आणि खरखरीत, फूल बारीक पांढरं. एकदांडीशी गल्लत होते, पण तिचं फूल लांब दांड्यावर उंच एकटं असतं. पान तळहातावर चुरडून थोडं थांबायचं; हात काळपट झाला की माका. शहरात भाद्रपदात सोपं जातं: गणपतीच्या पत्रीत तो असतो, पितृपक्षात श्राद्धालाही लागतो, त्यामुळे मंडईत जुड्या येतात.

खरी मेहनत पाकाची, म्हणजे तेल कढवण्याची. आयुर्वेदातलं नेहमीचं प्रमाण म्हणजे कल्क (वाटलेल्या पाल्याचा गोळा) एक भाग, तेल चार, द्रव (इथे रस) सोळा. पाव लिटर तिळाच्या तेलाला लिटरभर रस! पाटीभर पाला वाटावा लागतो. मग मंद आच आणि सतत ढवळणं. शेवटी फेस येतो, कल्काची बोटांत वात वळते आणि ती जाळावर धरली तर तडतडत नाही. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, आणि असं तेल टिकत नाही. खोबरेल थंडीत गोठतं म्हणून मी तीळ घेतलं. वास मात्र उग्र, ओल्या गवतासारखा. घरातल्यांची नाकं मुरडतात. अभ्र्यावर हिरवट डाग पडतात, तेव्हा जुनाच अभ्रा घाला.

सासूबाई म्हणतात, गावी काविळीला माक्याचा रस देत. आयुर्वेदाचा जुना आचार्य वाग्भट यानेही अष्टांगहृदय या ग्रंथात महिनाभर हा रस पिऊन दुधावर राहण्याचं रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारा उपचार, सांगितलंय. मी चमचाभरही घेतलेला नाही. गटाराकडेचा पाला तर पोटात नकोच, आणि डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासून डॉक्टरांकडे जायचं.