ऑसएईएम: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्या रंगीत नकाशांबद्दल

ऑस्ट्रेलियाचा ऑसएईएम (AusAEM) हा हवाई विद्युतचुंबकीय डेटा, म्हणजे विमानातून मोजलेली जमिनीखालच्या थरांची वीजवाहकता, गेले काही महिने जवळजवळ रोज उघडतोय. लिहायला बसलो ते हाती आलेल्या एका अहवालामुळे. त्यात या डेटावरून केलेला सलग रंगीत नकाशा होता आणि बोअरची जागा सुचवली होती ती दोन उड्डाणरेषांच्या बरोबर मध्ये. म्हणजे सर्वांत जवळची मोजणी दहा किलोमीटर लांब! तिथला निळा रंग कोणी मोजलेला नाही, सॉफ्टवेअरने भरलेला आहे. नकाशावर रेषा ठेवल्या असत्या तर कोणाच्याही लक्षात आलं असतं. नेमक्या त्याच काढून टाकल्या होत्या.

रेषांमधलं अंतर साधारण 20 किलोमीटर, हे वापरणाऱ्यांना ठाऊकच आहे. एवढ्या विरळ रेषांतून काय हाती लागणार, असं सुरुवातीला वाटायचं. आता ते मत राहिलेलं नाही. रेषेवर वाचनं अगदी दाट आहेत आणि छेद, म्हणजे रेषेखालच्या जमिनीची उभी चित्रं, लांबच लांब. गाडलेल्या जुन्या नदीपात्राची कड, मूळ खडकावरच्या आवरणाची जाडी, खोरं कुठे खोल होतं, सगळं ओळीने दिसत जातं. खनिज शोधणाऱ्याला आवरणाची जाडी आधी हवी असते. दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऑलिम्पिक डॅमचा तांबं-युरेनियमचा साठा 1975 साली सापडला तो सुमारे 350 मीटर आवरणाखाली, गुरुत्वाच्या आणि चुंबकीय नोंदींच्या आधारावर. भूजलवाला त्याच छेदात खाऱ्या-गोड्या पाण्याची सीमा शोधतो, तर भूऔष्णिकवाला गरम पाण्याने खडकाची झालेली चिकणमाती. एका उड्डाणात तिघांचं काम, आणि डेटा फुकट. स्वतः विमान उडवायचं म्हटलं तर लहान संस्थेचं सगळं बजेट त्यातच संपेल.

पण वाहकता जास्त दिसली म्हणजे पाणीच, असं धरून चालू नका. खारं पाणी, चिकणमाती, ग्रॅफाइट, सल्फाइड खनिजं, सगळी छेदात सारखीच चमकतात. रेषेजवळच्या जुन्या बोअरमधल्या थरांची आणि क्षारांची नोंद शेजारी ठेवली तरच उलगडा होतो. शिवाय वरचा थर खारट असेल तर सिग्नल तिथेच विरतो. खाली रंग दिसतात, पण त्यांना मोजणीचा आधार फारसा नसतो.

म्हणून सांगतो, नुसती छेदांची चित्रं उतरवून थांबू नका. बिंदूनिहाय फाइलही घ्या, त्यातला विश्वासार्ह खोलीचा रकाना बघा आणि त्याखालचा भाग स्वतः पुसून टाका. मी माझ्या नकाशांत रेषेच्या दोन्ही बाजूंना अरुंद पट्टाच रंगवतो, बाकी सगळं कोरं. दिसायला ओकंबोकं दिसतं, पण बोअर कुठे मारायची आणि आधी जमिनीवरची मोजणी कुठे करायची, हे त्यावरून कळतं. त्या अहवालातल्या जागेवर मी जमिनीवरच्या मोजणीची खूण केली आणि अहवाल परत पाठवला.