सीटवरची टेल बॅग आणि आतला लॅपटॉप: दहा महिने, साडेआठ हजार किलोमीटर

गाडी ३५० सीसीची, एका सिलिंडरची. लॅपटॉप १४ इंची, वजन दीड किलोच्या आसपास. आठवड्यातले तीन दिवस कोथरूड ते हिंजवडी फेज ३ आणि परत, एका बाजूने वीसेक किलोमीटर. शनिवार-रविवारी ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी असे घाट, कधी खाली महाड-दापोली, आणि त्यातल्या निम्म्या वेळा लॅपटॉप सोबत. जून ते मार्च असा वापर झाला आहे, म्हणजे पूर्ण पावसाळा यात आला. बॅग ४० लिटरची, मागच्या सीटवर चार पट्ट्यांनी बांधायची, वरून गुंडाळून बंद होणारी. ती साडेचार हजारांना पडली. फोम, पट्टे, वायर, रिले (विजेवर चालणारा स्विच) वगैरे बाकीचं सगळं हजार-बाराशेत झालं.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. मोटारसायकलवर लॅपटॉप बिघडतो तो पावसाने कमी आणि घासण्याने, दाबाने जास्त. सगळे जण पाण्याची काळजी घेतात, रेनकव्हर घेतात, प्लॅस्टिकची पिशवी घालतात. आणि त्याच पिशवीत चार्जरचा ठोकळा लॅपटॉपला चिकटवून ठेवतात. वीस किलोमीटरच्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर मोजून पाहा. प्रत्येक दणक्याला तो ठोकळा झाकणावर एकाच जागी आपटतो. काही महिन्यांत स्क्रीनवर पांढुरका डाग दिसू लागतो, किंवा किबोर्डच्या कळांची चौकोनी नक्षी काचेवर उमटते. कापडाने ती जात नाही.

सॅक की टेल बॅग? सॅकच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. ४,००० आरपीएमला इंजिन सेकंदाला सदुसष्ट वेळा फिरतं, ती बारीक थरथर फ्रेममधून सीटपर्यंत पोचते, पण माणसाचं शरीर त्यातली बरीच गिळून टाकतं. पाठीवरच्या लॅपटॉपला ती जवळपास लागत नाही. म्हणून दहा किलोमीटरच्या आतलं ऑफिस असेल तर सॅकच बरी. फक्त तिचे पट्टे इतके सैल ठेवा की बसल्यावर सॅकचा तळ सीटवर टेकला पाहिजे. वजन खांद्यावर न येता सीटवर जातं. छातीचा पट्टा मात्र लावाच, नाहीतर वळणावर सॅक बाजूला सरकते. त्यापुढच्या अंतराला सॅक नको. एक तर दिवसभर खुर्चीत बसून मान-खांदे आधीच धरलेले असतात. दुसरं, पाठीच्या घामाची वाफ सॅकच्या आतल्या कप्प्यात जाते. पाऊस नसलेल्या दिवशीही लॅपटॉप दमट निघतो. आणि तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं: पाठीवर पडलात तर मणका आणि रस्ता यांच्यामध्ये चार्जर, कुलूप, स्टीलची बाटली असं काहीही टणक असायला नको. सॅक वापरणाऱ्यांनी निदान एवढं तरी पाळावं.

दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा लॅपटॉपसाठी मला पटलेल्या नाहीत. सायलेन्सरच्या बाजूची बॅग तापते, दुसऱ्या बाजूची वाहतुकीत इतरांच्या हँडलला घासते, आणि वाकड पुलाखालच्या गर्दीत गाडीची रुंदी वाढवणं म्हणजे रोजचा ताप. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, त्यामुळे सायलेन्सरजवळ लॅपटॉप किंवा पॉवर बँक ठेवूच नये. कपडे आणि हत्यारं तिथे चालतील.

आता टेल बॅगेत लॅपटॉप कसा ठेवायचा. बहुतेक जण तो आडवा, तळाशी ठेवतात, कारण तसा तो सहज मावतो. हे चुकतं. आडव्या लॅपटॉपला खालून येणारा प्रत्येक हबका झाकणाच्या पातळ बाजूवर लंब बसतो. झाकण वाकतं आणि स्क्रीन किबोर्डला टेकते. वर सामान असेल तर आणखीच. उभा ठेवला की तोच हबका लॅपटॉपच्या कडेतून जातो आणि त्या दिशेने तो ताठ असतो. १४ इंची लॅपटॉपची उंची उभा केल्यावर २२ सेंटीमीटरच्या आसपास भरते, ४० लिटरच्या बॅगेत आरामात मावतो. बिजागरीची बाजू खाली, रुंदी गाडीला आडवी, आणि बॅगेच्या पुढच्या भिंतीला, म्हणजे चालवणाऱ्याच्या पाठीकडे टेकलेला. ही जागा निवडायला दोन कारणं आहेत. गाडीच्या मधल्या भागाकडे उसळी कमी असते, शेपटीकडे जास्त. आणि ब्रेक दाबल्यावर सामान पुढे रेटलं जातं; लॅपटॉप आधीच भिंतीला टेकलेला असला की त्याला धावायला जागाच उरत नाही. त्याच्या मागे जॅकेट किंवा टॉवेल कोंबून फट भरून काढायची. हलवून पाहिल्यावर आत काहीही सरकता कामा नये.

तळाला फोम लागतो, आणि इथे जाडीपेक्षा जात महत्त्वाची. गादीचा मऊ स्पंज कुचकामी: दणका बसला की तो पूर्ण दबतो आणि लॅपटॉप थेट सीटवर आपटतो. योगा मॅटसारखा, बंद पेशींचा, बोटाने दाबला तर जेमतेम दबणारा फोम हवा. १० मिलिमीटरचे दोन थर तळाला, एक थर पुढच्या भिंतीला. पुण्यात बोहरी आळीत कापून मिळतो. फोम पाणी पीत नाही हा आणखी एक फायदा. दहा महिन्यांत तळाचा थर एकदा बदलावा लागला. लॅपटॉपच्या कडेची खाच त्यात दोन-तीन मिलिमीटर रुतली होती.

स्क्रीन आणि किबोर्डच्या मध्ये जाड कापड घालण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. घालू नका. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये ती फट इतकी कमी असते की कापडाचाच दाब काचेवर येतो. त्यापेक्षा झाकण मिटण्याआधी कळांवरून कोरडं मऊ फडकं फिरवावं. रगडतं ते बोटांचं तेल आणि त्याला चिकटलेली धूळ.

चार्जर, माऊस, हेडफोन यांचा डबा बॅगेच्या मागच्या बाजूला, तळाशी. पाण्याची बाटली आत अजिबात नाही. तीन महिन्यांनी एकदा लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू तपासायचे. बारीक थरथरीने ते खरंच सैल होतात. हाताने हलके घट्ट करायचे, जोर लावला तर आतल्या खोबणीचे आटे जातात.

पावसाचं सांगायचं तर, गुंडाळून बंद होणारं तोंड किमान तीन वेळा गुंडाळलं तरच पाणी थांबतं. सामान जास्त झालं आणि दोनच वेळा गुंडाळलं, तर ताम्हिणीच्या पावसात तासाभरात आतून ओल येते. वरून घालायचं रेनकव्हर मी सुचवणार नाही: साठच्या वेगाला त्यात हवा भरते, ते फुगतं, आणि एक कड सुटली की मागच्या चाकात जाऊ शकतं. त्याऐवजी आत एक वेगळी जलरोधक पिशवी, तिच्यात लॅपटॉप. आठव्या महिन्यात बॅगेच्या खालच्या दोन कोपऱ्यांचा आतला लेप झिजून सोलू लागला. पट्टे तिथूनच जातात, बॅग तिथेच घासते. ट्यूबचं पॅच आतून चिकटवून काम भागलं, पण आतली पिशवी नसती तर ही गोष्ट लॅपटॉप भिजल्यावरच कळली असती.

एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. एसीच्या खोलीतून निघालेला लॅपटॉप २२ अंशांवर असतो. जुलैत मुंबईला किंवा कोकणात हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, साधारण पंचवीसपर्यंत असतो. अशा हवेत गार लॅपटॉप उघडा काढला की थंड पाण्याच्या तांब्यासारखा त्याला घाम फुटतो, बाहेरून आणि आतूनही. रात्री एसीच्या खोलीत मुक्काम केला असेल तर सकाळी निघताना तो बंद पिशवीतच ठेवावा, आणि बाहेर उघडायचा झाल्यास आधी अर्धा-पाऊण तास पिशवीतच गरम होऊ द्यावा. सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या पुड्या पिशवीत राहू द्या, पण त्या ओल्या हवेत फार टिकत नाहीत. रंग बदलला की ओव्हनमध्ये किंवा तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात.

बॅगेत टाकण्याआधी लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवू नये. हल्लीची बरीच यंत्रं स्लीपमध्येही अधूनमधून जागी होतात, अपडेट शोधतात, आणि चारी बाजूंनी फोम असलेल्या बंद पिशवीत ती उष्णता जाणार कुठे? पोचल्यावर लॅपटॉप चटका बसेल इतका गरम आणि बॅटरी निम्मी, असं हमखास होतं. झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल (चालू काम डिस्कवर साठवून यंत्र पूर्ण बंद होईल) अशी सेटिंग करून टाका, किंवा सरळ बंद करा. हायबरनेटचा दुसरा फायदा चोरीच्या संदर्भात आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली असली तरी स्लीपमध्ये त्या कुलपाची किल्ली मेमरीत जिवंत असते. हायबरनेटमध्ये मेमरीचा मजकूर एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर जातो आणि यंत्र पूर्ण बंद होतं, अर्थात हायबरनेटची फाइलही त्याच एन्क्रिप्शनच्या आत असली पाहिजे. निघण्यापूर्वी अर्धवट कोड वेगळ्या ब्रांचवर कमिट करून पुश करणं, म्हणजे त्याची प्रत सर्व्हरवर पाठवणं, ही चेनला तेल देण्याइतकी नेमाची गोष्ट असावी. बॅग गेली तर यंत्राचंच नुकसान व्हावं, कामाचं नाही.

घाटाच्या बाजूला जाऊन काम करायचं असेल तर लागणारी पॅकेजेस, कंटेनरच्या इमेज (प्रोग्रॅम चालवायला लागणारे तयार संच), कागदपत्रं घरीच उतरवून ठेवा. ताम्हिणीत बऱ्याच टप्प्यांत रेंज नसते. ऑन-कॉलची पाळी (ऑफिसातून तातडीचा फोन कधीही येऊ शकेल अशी) असेल तर घाटात जाऊच नये, माझं मत याबाबत पक्कं आहे. पंधरा मिनिटांत उत्तर द्यायचं असलेला माणूस वळणावर रस्ता बघत नाही, खिशातल्या फोनची थरथर शोधत बसतो.

गाडीवरून लॅपटॉप चार्ज करण्याचा मोह बहुतेकांना होतो, म्हणून हिशोब मांडतो. या वर्गातल्या गाड्यांची बॅटरी साधारण १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची, म्हणजे भरलेली असताना ९६ वॅट-तास. ६५ वॅटने लॅपटॉप चार्ज करताना कन्व्हर्टरमधली गळती धरून बॅटरीतून ७५ वॅट, म्हणजे सहा अँपिअरहून जास्त ओढले जातात. इंजिन बंद ठेवून तासभर चहाच्या टपरीवर असं केलं तर बॅटरीत दोन अँपिअर-तासही उरत नाहीत आणि स्टार्टर फिरत नाही. गाडी चालू असतानाही आल्टरनेटरकडे हेडलाइट, इंधनपंप, इग्निशन भागवून फार काही शिल्लक नसतं, आणि एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट बंद करायची सोयही नाही. वाहतुकीत रेंगाळताना बॅटरीवरचा व्होल्टेज १२.८च्या खाली जात असेल तर समजा की भरण्यापेक्षा उपसा जास्त आहे.

माझ्या मते उपाय पॉवर बँक. २०,००० एमएएचची, ६५ वॅट देणारी. तिच्यात ७४ वॅट-तास असतात, हातात साठ येतात. १४ इंची लॅपटॉपचं एक पूर्ण चार्जिंग. ती गाडीवर १८ वॅटने भरली तर पावणेदोन अँपिअरच लागतात आणि पाच तासांच्या प्रवासात ती भरते.

सॉकेट बसवताना गाडीची मूळ वायर कापू नका. बॅटरीच्या धन टोकावरून १.५ चौरस मिलिमीटरची वायर, टोकापासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० क्रमांकाची पिन. ८७वरून सॉकेट. ८६ला इग्निशननंतर जिवंत होणारी वायर, मागच्या दिव्याची चालते. ८५ अर्थ. किल्ली काढली की सॉकेट मेला पाहिजे. रिले टाळून थेट जोडलेल्या सॉकेटचा व्होल्टमीटरवाला दिवा १० मिलिअँपिअर जरी खात असला तरी दिवसाला ०.२४ अँपिअर-तास जातात. अडीच आठवडे घरून काम केलं की निम्मी बॅटरी संपलेली. रिले, फ्यूज होल्डर, वायर सगळं पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतं.

फोन हँडलवर लावणाऱ्यांसाठी: अ‍ॅपलने २०२१ साली जाहीर केलं होतं की मोटारसायकलच्या जोरदार थरथरीने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं. रबरी डँपर असलेला माउंट घ्या. पावसाळ्यात फोन खिशात आणि रस्ता सांगणारा आवाज कानात, हेच उत्तम.

बॅगेचे दोष मोजायचे तर सगळ्यांत मोठा म्हणजे रोजची बांधाबांध. चार बकल, पट्टे ओढणं, उरलेली टोकं गुंडाळून वेल्क्रोत अडकवणं, यात दोन मिनिटं जातात. टोकं मोकळी सोडू नका, चेनमध्ये जातात. हुकवाले रबरी दोर तर वापरूच नका: ते ताणतात, खड्ड्यात बॅग उसळते, आणि सुटलेला हुक डोळ्यावर येतो. पट्टे जिथे बाजूच्या पॅनेलवर टेकतात तिथे महिन्याभरात रंग घासला जातो. आधीच पारदर्शक फिल्म चिकटवावी. मागे कुणाला बसवता येत नाही हे उघड आहे. पाय वर घेऊन गाडीवर बसायची सवयही बदलावी लागते, टाच बॅगेला अडकते. ग्रॅब रेलचे बोल्ट दर ५०० किलोमीटरला, चेन तेलवताना, पाना लावून बघा. निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावल्यापासून ते हललेले नाहीत.

शेवटी मनगटं, कारण किबोर्डवर आठ तास घालवलेल्या हातालाच पुढे वाकडच्या गर्दीत क्लच दाबायचा असतो. नेहमीसारखं बसून हात सरळ पुढे करा. बोटं मनगट न वाकता लिव्हरवर पडली पाहिजेत. पडत नसतील तर लिव्हरच्या पकडीचे बोल्ट सैल करून ती खाली फिरवा. बऱ्याच गाड्यांत ती शोरूममधून फार वर बसवून येते. क्लच केबल वरून सोडवून, टोकाला पॉलिथिनच्या पिशवीचा कोपरा बांधून, त्यात पातळ तेल टाकून रात्रभर टांगून ठेवा. खालून थेंब आला की झालं. परत लावताना मॅन्युअलमध्ये दिलेली ढील तेवढीच ठेवा: कमी ठेवली तर क्लच प्लेटा घसरून झिजतात, जास्त ठेवली तर गिअर अडखळतो. पावसाळ्यानंतर हे एकदा केलं आणि लिव्हर दाबायला लागणारा जोर चटकन जाणवेल इतका कमी झाला.