सिझरनंतर नॉर्मल प्रसूतीचा सल्ला : रत्नागिरीतील एका प्रसूतिगृहाचा अनुभव

पहिल्या खेपेला सिझर झाले असेल तर दुसऱ्या खेपेला नॉर्मल प्रसूती होऊ शकते का, हा प्रश्न मी आमच्या भागात जिथे विचारला, तिथे तो "एकदा सिझर म्हणजे पुढेही सिझरच" एवढ्या उत्तरावर संपला. रत्नागिरीतील ज्या प्रसूतिगृहात मी यंदा दुसऱ्यांदा बाळंत झाले, तिथे याच प्रश्नासाठी डॉक्टरांनी पाऊण तास दिला. हे परीक्षण मुख्यतः त्या पाऊण तासाबद्दल आहे.

डॉक्टर मॅडमनी सर्वांत आधी जुन्या शस्त्रक्रियेचे कागद मागितले. माझ्या डिस्चार्ज कार्डावर बाळ पायाळू असल्यामुळे सिझर केल्याची एक ओळ होती. गर्भपिशवीवरचा छेद कसा घेतला, याचा उल्लेख कुठेच नव्हता. पोटावरचा टाका आडवा दिसला म्हणून आतला छेदही आडवाच असेल असे धरून चालता येत नाही. पिशवीच्या वरच्या भागात उभा छेद घेतलेला असेल, तर कळा येऊ देणे धोक्याचे असते आणि अशा बाईला नॉर्मलचा सल्ला दिला जात नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद हाती येईपर्यंत होकार किंवा नकार काहीच देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि मला त्यांचा हा आग्रह फार मोलाचा वाटला. जुन्या रुग्णालयाने नोंद देण्यास आधी टाळाटाळ केली. परंतु इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागद देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे लेखी अर्जात नमूद केल्यावर नोंद मिळाली. याच नियमावलीत नोंदी ३ वर्षे जपून ठेवण्याची अट आहे, तेव्हा दोन बाळंतपणांत अधिक अंतर राहणार असेल तर हे कागद आधीच मागून ठेवावेत.

छेद खालच्या भागात आडवा निघाला आणि मग खरे बोलणे झाले. सासूबाईही सोबत होत्या. टाका उसवून जिवावर बेतेल, ही त्यांची भीती होती. मॅडमनी ती हसण्यावारी नेली नाही. प्रिस्क्रिप्शनच्या कागदाच्या पाठीमागे त्यांनी पिशवीचे चित्र काढले, जुन्या छेदाच्या जागी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आई, टाका उसवू शकतो, हे खरं आहे. साधारण दोनशे बायकांत एकीचा. पण तो कधी आणि कशानं, ते आधी ऐका." एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या १०० बायकांपैकी ७२ ते ७५ जणींना यश येते, असे ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ ची मार्गदर्शिका सांगते, आधी एखादी नॉर्मल प्रसूती झालेली असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते. बाळ पायाळू असणे हे दर वेळी उद्भवणारे कारण नसल्यामुळे माझ्या बाजूने ते जमेचे होते. कळा आणण्यासाठी औषध दिल्यास टाका उसवण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणून कळा आपसूक येण्याची वाट पाहायची आणि त्या आल्या नाहीत तर पुन्हा बसून विचार करायचा, असे ठरले. दुसऱ्या सिझरची बाजूही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने मांडली: तारीख आधी ठरते आणि टाका उसवण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, मात्र प्रत्येक सिझरगणिक पुढच्या गरोदरपणात वार जुन्या छेदाला घट्ट चिकटून बसण्याचा आणि त्यातून मोठ्या रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. सर्वांत त्रासाचे म्हणजे बराच वेळ कळा सोसून ऐनवेळी करावे लागणारे सिझर, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही.

जागेची व्यवस्था मी मुद्दाम पाहून घेतली. प्रसूतीची खोली आणि ऑपरेशन थिएटर एकाच मजल्यावर समोरासमोर आहेत. कळा सुरू झाल्यापासून बाळाचे ठोके सतत नोंदवणारे यंत्र पोटाला पट्ट्याने लावून ठेवतात, कारण टाका उसवू लागल्याची पहिली खूण बहुधा ठोक्यांतच दिसते. रक्तगट जुळवून रक्ताची तजवीज आधीच करायला सांगतात. आम्ही जैतापूरकडचे, पावसाळ्यात रात्री पावसमार्गे गाडी काढून रत्नागिरी गाठण्यात जो वेळ जाईल, तो अशा बाळंतपणात परवडणारा नसतो, म्हणून ३८ वा आठवडा लागताच शहरात नातेवाइकांकडे राहायला या, असे मॅडमनी बजावले. खेड्यांतून येणाऱ्या बायकांना हे आवर्जून सांगणारे डॉक्टर मला तरी दुसरे भेटले नव्हते.

प्रसूती नॉर्मल झाली. कळांच्या वेळी सिस्टर क्षणभरही खोली सोडून गेल्या नाहीत आणि कंबरेतून भूल हवी का, हेही विचारले गेले; टाके घातलेल्या बाईला ती चालत नाही हा माझा समज तिथेच दूर झाला.

उणिवाही सांगायला हव्यात. भूलतज्ज्ञ पूर्णवेळ नाहीत, बोलावल्यावर घरून येतात. ते शहरातच राहत असले तरी रविवारी कोण येणार, हे आपण विचारेपर्यंत कोणी सांगत नाही. सल्ल्याचा मजकूर लेखी मिळत नाही, त्यामुळे पाऊण तासातले बरेचसे बोलणे नवऱ्याला घरी तोंडी समजावावे लागले. ओपीडीची गर्दी आटोपल्यावरच असा निवांत वेळ मिळतो, तेव्हा दुपारचा डबा बरोबर असलेला बरा. खर्चाचा अंदाज मात्र नॉर्मल आणि सिझर अशा दोन्ही शक्यतांचा आधीच लिहून देतात आणि बिल त्या अंदाजाबाहेर गेले नाही. एकाहून अधिक सिझर झालेल्या किंवा उभा छेद असलेल्या बायकांचे बाळंतपण ते इथे ठेवून घेत नाहीत, मोठ्या रुग्णालयाकडे पाठवतात. अशांनी चौकशी सुरुवातीच्या महिन्यांतच करावी.