अंबाजोगाईतील कथालेखन कार्यशाळा : साठ प्रश्नांचा तक्ता आणि दारात बसलेली म्हातारी

जानेवारी महिन्यातल्या एका शनिवारी आणि रविवारी अंबाजोगाईत कथालेखनाची दोन दिवसांची कार्यशाळा भरली होती. शुल्क १,५०० रुपये, त्यात दोन्ही दिवसांचे जेवण आणि चहा, शिवाय आधी पाठवलेल्या कथेवर लेखी अभिप्राय मिळेल असे आश्वासन. ‘कथेची सुरुवात कथानकापासून करावी की पात्रापासून?’ हा विषय पत्रकावर ठळक छापला होता आणि खरे सांगायचे तर मी त्या एका ओळीसाठीच पैसे भरले. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे आयोजक संस्थेचे आणि मार्गदर्शकांचे नाव येथे घेत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आजवर माझ्या सात कथा छापून आल्या. आठवी मात्र तीन वर्षांपासून सातव्या पानावर अडून बसली आहे. ती एका पाणाड्याची आहे. हा माणूस मला पुरता ठाऊक आहे. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतात कसा चालतो, नारळ उभा राहिला की कसा थबकतो, बोअरला पाणी लागले तर फेटा बांधून कसा मिरवतो आणि नुसता फुफाटा उडाला तर गावाबाहेरच्या वाटेने घर कसे गाठतो, हे सगळे मी त्या सात पानांत लिहिले आहे. आठव्या पानावर त्याने काय करावे, ते सुचत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या तरुणाचे दुखणे नेमके उलटे होते. वाटणीचा वाद, तलाठ्याकडची फेरफार नोंद, खून आणि शेवटची कलाटणी असा सगळा ऐवज त्याच्याकडे तयार होता. पण त्यातल्या दोन भावांची नावे अदलाबदल केली तरी वाचकाला पत्ता लागला नसता, अशी कबुली त्याने स्वतःच हसत दिली. कार्यशाळेचा विषय असा आम्हा दोघांत वाटून बसला होता.

पहिला दिवस पटकथालेखनाचा अनुभव असलेल्या, पुण्याहून आलेल्या सरांचा होता. त्यांचे मत निःसंदिग्ध होते : आधी कथानक, मग माणसे. आधाराला त्यांनी ॲरिस्टॉटल घेतला. कथानक हा शोकात्मिकेचा आत्मा असून स्वभावचित्रणाचे स्थान त्याच्यानंतरचे, हे त्याच्या ‘पोएटिक्स’ (काव्यशास्त्र) या ग्रंथातले विधान त्यांनी फळ्यावर लिहिले. पाठोपाठ अमेरिकी कथाकार एडगर ॲलन पो याच्या १८४६ मधल्या निबंधाचा दाखला आला, ज्यात शेवट डोळ्यांसमोर निश्चित झाल्याशिवाय लेखणी उचलू नये असा आग्रह आहे. दाखले खरे होते आणि सरांची सांगण्याची हातोटीही उत्तम होती. परंतु ॲरिस्टॉटल बोलत होता ते रंगभूमीविषयी, तेही अशा रंगभूमीविषयी, जिथे उत्तम शोकात्मिका मोजक्या घराण्यांच्या कथांवरच रचल्या जातात असे तो स्वतः नोंदवतो. आपल्याकडे कीर्तनकाराला हरिश्चंद्राचे आख्यान नव्याने रचावे लागत नाही, तसेच ते. कोऱ्या कागदापुढे बसलेल्या आजच्या कथाकाराला तो नियम जसाच्या तसा लावण्यापूर्वी एवढा फरक तरी सांगायला हवा होता. शिवाय त्याच ग्रंथात, थोडे पुढे, माणूस काय निवडतो आणि काय टाळतो यातून स्वभाव प्रकट होतो असेही त्याने म्हटले आहे. सरांनी ते वाक्य वगळले. माझ्या मते दोन दिवसांच्या वादाचा उलगडा त्या वगळलेल्या वाक्यात होता.

इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ च्या व्याख्यानांत दिलेले राजा-राणीचे उदाहरणही आले. राजा मेला आणि मग राणी मेली, ही नुसती गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. कार्यकारणभाव म्हणजे कथानक, असे सरांनी यातून सिद्ध केले आणि ते चूक नाही. मात्र ‘दुःखाने’ हा शब्द येतो कुठून? तो त्या राणीच्या स्वभावातून येतो. वेरूळच्या घृष्णेश्वराचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाईही पतीच्या मृत्यूनंतर मागे राहिल्या होत्या. त्यांच्या बाबतीत पुढचे वाक्य अगदी वेगळे झाले. हा मुद्दा मी जेवणाच्या सुट्टीत सरांजवळ मांडला. त्यांनी ऐकून घेतला, ‘चांगला आहे’ म्हणाले आणि भाकरीबरोबर ठेचा मागून घेतला.

दुपारनंतर मात्र पहिला दिवस उतरणीला लागला. ‘आता पात्राकडे वळू’ असे म्हणून आम्हाला साठ प्रश्नांचा एक छापील तक्ता देण्यात आला. तुमच्या पात्राचा आवडता रंग कोणता, त्याला कशाची भीती वाटते, लहानपणीची पहिली आठवण कोणती, त्याच्या खिशात किंवा पर्समध्ये काय असते, सुट्टीत तो कुठे जातो. तक्ता परदेशी नमुन्यावरून घाईने मराठीत आणला आहे, हे लगेच कळत होते. माझ्या पाणाड्याला सुट्टी नसते आणि खिशात तंबाखूच्या पुडीपलीकडे काही नसते. तरीही मी दीड तास बसून साठही उत्तरे लिहिली. कथा तसूभरही पुढे सरकली नाही. शेजारच्या तरुणानेही भरला. त्याच्या दोन्ही भावांचा आवडता रंग निळा निघाला. माणसाविषयीची माहिती आणि कथेतले पात्र या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या तक्त्याने नकळत शिकवले म्हणायचे. पहिल्या दिवसाअखेर मला माझे निम्मे पैसे वाया गेल्यासारखे वाटत होते.

दुसरा दिवस परभणीकडच्या एका निवृत्त प्राध्यापक बाईंचा होता. त्यांनी फळ्याला हात लावला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी एवढेच सांगितले : ऊसतोडीला गेलेला एक कोयता उचल न फेडता फडातून रात्रीतून पळाला आहे. मुकादम त्याच्या गावी घरी आला आहे. घरात फक्त त्या गड्याची म्हातारी आई आहे. अर्ध्या तासात पुढचे लिहा.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला यातले काहीही समजावून सांगावे लागत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे हंगामाआधी अंगावर घेतलेली रक्कम, आणि जानेवारीत आमच्या कितीतरी गावांत म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरेच दिसतात. आम्ही तेवीस जण लिहायला बसलो आणि वाचन सुरू झाले तेव्हा तेवीस निरनिराळ्या कथा निघाल्या. धारूरकडच्या एका अंगणवाडी सेविकेच्या म्हातारीने काही न बोलता स्वतःचे डोरले सोडून मुकादमापुढे ठेवले होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या म्हातारीने लेकाचा ठावठिकाणा सरळ सांगून टाकला, कारण घरात ठेवलेली दोन नातवंडे मुकादम उचलून नेईल अशी तिला धास्ती होती; ही कथा ऐकताना सभागृहात कुणी हालचाल केली नाही. माझ्या म्हातारीने बहिरेपणाचे सोंग घेतले. आणि ज्याच्या भावांचा रंग निळा होता त्या तरुणाच्या म्हातारीने मुकादमाला बाजेवर बसवून म्हटले, “च्या घ्या की. साखर तुमच्याच कारखान्याची हाय, गोड लागंल.” अंधार पडेपर्यंत तिने त्याला गोष्टींत गुंतवून ठेवले, आणि तोवर मागच्या दाराने लेक-सून येऊन लेकरे घेऊन गेली. त्याच्या लिखाणात पहिल्यांदाच असे माणूस आले होते, ज्याच्या जागी दुसरे बसवता येत नव्हते.

“घटना मी दिली होती,” बाई म्हणाल्या, “मग हे तेवीस शेवट कुठून आले?”

येथे पात्राच्या बाजूने निकाल लागला असे आम्हाला वाटले, आणि तो समज त्यांनी पुढच्या तासाभरात मोडला. त्यांनी माझी बहिरी म्हातारी निवडली आणि तिच्या दारात आळीपाळीने तीन माणसे उभी केली : मुकादम, लसीकरणाची नर्सबाई, आणि जमिनीच्या कागदावर अंगठा मागायला आलेला पुतण्या. म्हातारी तीच, तिचे सोंगही तेच. नर्सबाईपुढे त्या सोंगाला काही अर्थच उरला नाही. दोन-तीन विनोदी वाक्ये झाली आणि प्रसंग विझला. पुतण्यापुढे मात्र तेच सोंग शस्त्र झाले. तिला सगळे ऐकू येते हे तो जाणून आहे, तो जाणतो हे तिलाही कळते, आणि तरीही दोघांना ते नाटक शेवटपर्यंत वठवावे लागते. स्वभाव कितीही ठसठशीत असला तरी त्याला जाच करणारा प्रसंग दारात आल्याखेरीज त्याचे फक्त व्यक्तिचित्र होते. व्यक्तिचित्र हा कमी दर्जाचा प्रकार आहे असे मला म्हणायचे नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ मराठी वाचकाने पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपली आहेत. पण कथा लिहायला बसून व्यक्तिचित्र हाती आले, तर काय राहून गेले हे लेखकाला कळायला हवे.

बाईंनी याला जोडून रशियन कथाकार तुर्गेनेव्हची हकिगत सांगितली, जी कादंबरीकार हेन्री जेम्सने १९०८ मधल्या आपल्या एका प्रस्तावनेत नोंदवली आहे. तुर्गेनेव्हला कथा सुचायची ती माणसांच्या रूपात. ती माणसे त्याच्यापुढे येऊन घुटमळत राहत, आणि त्यांचे त्यांचेपण ज्यांत उठून दिसेल असे संबंध आणि असे पेच त्याला शोधून काढावे लागत. म्हणजे माणसापासून निघालेल्या लेखकालाही प्रसंगाच्या शोधात बाहेर पडावे लागतेच. नंतर त्या आपल्या मुलखातल्या कथेकडे आल्या. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा आमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेली होती. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि शेवटी बाप तो माल पायांखाली तुडवतो. कथानक सांगायचे तर एवढेच. ते तुडवणे घटना आहे की स्वभाव, असे बाईंनी विचारले तेव्हा सभागृहात दोन तट पडले आणि अर्धा तास कडाक्याची चर्चा झाली. मला स्वतःला वाटते, की तो माल मातीमोल विकून घरी जाणे हाही पर्याय त्या बापापुढे होता, आणि तो त्याने नाकारला, त्या क्षणी घटना आणि स्वभाव यांच्यातली रेघ पुसली गेली. ॲरिस्टॉटलचे वगळलेले वाक्य मला तेव्हा आठवले.

जेवणानंतर वैयक्तिक शंकांसाठी वेळ होता. मी पाणाड्याची अडचण सांगितली. बाईंनी सात पाने चाळली आणि विचारले, “याला नाही म्हणता येणार नाही, असं कोण आहे?” मी बराच वेळ गप्प होतो. मग उत्तर आले, ते साठ प्रश्नांच्या तक्त्यात कुठेच नव्हते : त्याची विधवा बहीण. ती कर्ज काढून बोअर घेणार आहे, आणि जागा तिला भावानेच दाखवायला हवी आहे. नारळ आपोआप उभा राहतो की आपली बोटे त्याला उभा करतात, याविषयी इतकी वर्षे मनात दाबलेली शंका त्याला आता बाजूला ठेवता येणार नाही. दाखवावी जागा, की कबूल करावे? परतीच्या एसटीत केजपर्यंत मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत होतो. आज कथा बाराव्या पानावर आहे.

आता व्यवहाराचे. जेवण साधे आणि चांगले होते, खुर्च्या वाईट होत्या, ध्वनिक्षेपक दोन्ही दिवस कुरकुरत होता. लेखी अभिप्रायाच्या आश्वासनाबाबत मात्र माझी खरी तक्रार आहे. तीन आठवड्यांनी माझ्या हस्तलिखितावर जे आले ते दोन ओळींचे होते : ‘भाषा ओघवती आहे. कथानकावर अधिक काम करावे.’ शेजारच्या तरुणाशी मी फोनवर बोललो, तर त्याला आलेल्या दोन ओळींत फक्त ‘कथानकावर’च्या जागी ‘पात्रांवर’ असा बदल होता. तेवीस हस्तलिखिते वाचणे वेळखाऊ आहे, हे मी शिक्षक असल्यामुळे चांगले जाणतो. तेवढा वेळ नसेल तर पत्रकावर तसे छापू नये, किंवा ज्यांना अभिप्राय हवा त्यांच्याकडून वेगळे शुल्क घेऊन तो नीट द्यावा.

आयोजकांनी पुढची कार्यशाळा एका दिवसाची करावी, सरांचे व्याख्यान सकाळच्या दीड तासात बसवावे, साठ प्रश्नांचा तक्ता रद्द करावा आणि उरलेला दिवस बाईंच्या हाती द्यावा. तसे झाल्यास १,००० रुपये शुल्क मला रास्त वाटेल. ज्यांनी अजून एकही कथा लिहिलेली नाही, त्यांनी आहे त्या स्वरूपात या कार्यशाळेला जाण्याची घाई करू नये. ज्यांची एखादी कथा मध्येच अडकली आहे, त्यांनी ती अर्धवट कथा सोबत घेऊन जावे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शंकांसाठी रांग लागते तेव्हा पुढे बसावे, कारण चारच्या सुमारास आभारप्रदर्शन सुरू होते आणि मागच्यांची पाळी राहून जाते.