रिसोर्स की रिझर्व्ह? खाण कंपनीचा शेअर घेण्याआधी

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमचा 'साठा सापडला', अशी बातमी आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शब्द मात्र 'इन्फर्ड रिसोर्स' असे होते. शिवाय आकडा लिथियमयुक्त दगडाचा होता, धातूचा नव्हे. आपण रिसोर्सलाही साठा म्हणतो आणि रिझर्व्हलाही, घोळ तिथेच होतो.

रिसोर्स म्हणजे जमिनीखाली काय आहे याचा अंदाज. बोअर मारून दगडाच्या कांड्या काढतात, पेटीत खोलीच्या क्रमाने लावतात, मग उभ्या चिरून अर्धा भाग प्रयोगशाळेला पाठवतात. दोन बोअरमधलं सगळं तर्कावर. बोअर लांब लांब असतील तर इन्फर्ड, म्हणजे सर्वांत कमी खात्रीचा. जवळ येत गेले की इंडिकेटेड, मग मेझर्ड.

रिझर्व्ह म्हणजे त्यातलं जे फायद्यात काढता येईल तेवढंच. इथे भाव, रस्ता, पाणी, वनखात्याची परवानगी, खणताना मिसळणारा निकामी दगड, सगळं हिशेबात येतं. भाव कोसळला की कालचा रिझर्व्ह आज पुन्हा रिसोर्स होतो. दगड तोच, जागाही तीच. आणि इन्फर्डवरून थेट रिझर्व्ह दाखवता येत नाही, आधी आणखी बोअर मारावे लागतात.

राष्ट्रीय खनिज सूचीत (ती नागपूरचं भारतीय खाण ब्युरो तयार करतं) तीन आकडी कोड दिसेल: पहिला आकडा अर्थकारणाचा, दुसरा व्यवहार्यतेचा, तिसरा भूगर्भीय माहितीचा. १११ म्हणजे सिद्ध रिझर्व्ह, ३३३ म्हणजे इन्फर्ड.

पैसे बुडाले तर चालणार नसतील, तर मी निव्वळ इन्फर्डवर उभ्या कंपनीकडे फिरकणार नाही. निदान 'प्रोबेबल रिझर्व्ह' (सिद्धपेक्षा एक पायरी कमी खात्रीचा) तरी हवा. हौस म्हणून थोडे लावायचे तर लावा, पण दोन गोष्टी तपासून. रिसोर्सच्या आकड्यात रिझर्व्ह धरलाय का? धरला असेल तर दोन्हींची बेरीज करू नका. दुसरं, कट-ऑफ ग्रेड, म्हणजे दगड हिशेबात धरायला लागणारी किमान प्रत, किती? ती खाली आणली की टन फुगतात आणि सरासरी प्रत घसरते. मथळ्यात टनच येतात.

रियासीच्या त्या गटाचा लिलाव पुरेसे पात्र बोलीदार न मिळाल्याने मार्च २०२४ मध्ये रद्द झाला.