थरथर कुणाची: चाकाची की शाफ्टची?

मेव्हण्याची फोर-बाय-फोर ताशी ८० च्या पुढे थरथरते. चाकं बॅलन्स करायची की प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) उघडायचा, यात तो अडकलाय.

थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीटखालून येत असेल तर मागची चाकं किंवा शाफ्ट. पुढची चाकं मागे टाकून पाहा. थरथरीनं जागा बदलली तर दोष चाकाचाच. बॅलन्सिंग स्वस्त, तासाभराचं काम. पण रिमला लावलेली छोटी वजनं पडली की पुन्हा तेच. (आधी रिमच्या आतला वाळलेला चिखल धुवा, कधीकधी तेवढ्यानंच भागतं!) शाफ्टचा क्रॉस (टोकाचा फिरता सांधा) बदलणं महाग, कटकटीचं, मात्र बरंच टिकतं.

आवाज नाही, नुसती थरथर, तर बॅलन्सिंग. क्लच सोडताना ‘खट्’ होत असेल किंवा गाडी लिफ्ट किट लावून उंच केली असेल, तर शाफ्ट आधी.