राजपूत, राणा, रणजित : सुट्या भागांचा संच आणि सोबतची पुस्तिका

ब्रिटिश नौदलाच्या ‘आर’ वर्गातील रॉदरहॅम, रेडर आणि रिडाउट या तीन विनाशिका १९४९ मध्ये भारताकडे आल्या आणि अनुक्रमे राजपूत, राणा व रणजित या नावांनी १९७०च्या दशकापर्यंत आपल्या नौदलात राहिल्या. या वर्गाची १:३५० प्रमाणातील प्रतिकृती करणाऱ्यांसाठी एका परदेशी विक्रेत्याने रेझिनचे सुटे भाग, पितळी पत्र्याची नक्षी आणि माहितीपुस्तिका असा संच काढला असून, तो मी नांदेडला मागवून घेतला.

मूळ जहाजाची लांबी सुमारे १०९ मीटर असल्याने प्रतिकृती जेमतेम ३१ सेंटीमीटरची होते. त्यामुळे सगळी परीक्षा बारकाव्यांचीच असते, आणि तिथे हा संच पूर्ण गुणांनी उतरतो. १२० मिलिमीटरच्या चारही तोफांच्या ढाली कडांपर्यंत पातळ आहेत, चार नळ्यांच्या विमानविरोधी पॉम-पॉम तोफेची प्रत्येक नळी सुटी दिसते आणि टॉर्पेडो सोडणाऱ्या नळ्यांच्या दोन चौकड्यांची तोंडे पोकळ ठेवलेली आहेत. सर्वांत सुरेख काम मात्र जहाजाच्या मागच्या टोकाला आहे. डेप्थ चार्जच्या, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या पाणबुडीविरोधी स्फोटकांच्या, पिंपांची रांग रुळांवर नीट बसते आणि शेवटचे पिंप पाण्यात सुटण्याच्या बेतात असल्यासारखे कडेला टेकते. ३ डिसेंबर १९७१च्या रात्री विशाखापट्टणम बंदरातून बाहेर पडताना राजपूतने असेच डेप्थ चार्ज टाकले आणि गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी त्यामुळेच बुडाली, असे भारतीय नौदल सांगते; पाकिस्तान ते मान्य करत नाही. वाद काहीही असो, राजपूत घडवणाऱ्याला हा भाग निष्काळजीपणे बनवलेला चालणार नाही.

आमच्याकडच्या उन्हाळ्याचा विचार मात्र बांधणीत झालेला नाही. पार्सल मे महिन्यात आले आणि तोफांच्या लांब नळ्या वाकलेल्या निघाल्या. गरम पाण्यात क्षणभर बुडवून काचेच्या तुकड्यावर दाबून ठेवल्यावर त्या सरळ झाल्या, पण शक्य असेल तर मराठवाड्यातील ग्राहकांनी हा संच हिवाळ्यातच मागवावा.

खरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे. अधिकाऱ्यांच्या खोल्या मागच्या टोकाकडून जहाजाच्या मध्यभागी का आणल्या गेल्या, खवळलेल्या समुद्रात डेकवरून ब्रिजपर्यंत, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षापर्यंत, पोहोचणे किती जिकिरीचे असे, हे तिने उत्तम समजावले आहे; परंतु १९४९ नंतरची दोन दशकांहून अधिक भारतीय सेवा एका परिच्छेदात उरकली असून, त्यात गाझीचा उल्लेखही नाही. चिकटवण्याच्या आकड्यांत रॉदरहॅमचा ओळखक्रमांक एच ०९ आहे, राजपूतचा डी १४१ नाही. तो मी शेवटी मोटारसायकलच्या नंबरप्लेटा करणाऱ्या रेडियमवाल्याकडून सहा मिलिमीटर उंचीचा कापून घेतला. रंगाच्या थरावर त्याची कड किंचित उचललेली दिसते, म्हणून वरून दोन हात पातळ वार्निश द्यावे लागते.

सुट्या भागांसाठी संच जरूर घ्यावा. पुस्तिका वेगळी विकत मिळत असेल, तर भारतीय आवृत्ती निघेपर्यंत ती घेऊ नये.